'उणे साठ'मध्ये नसलेली बाई

"एकेचाळीस," भावजय म्हणाली. "मी मोजल्यात, ताई. एकेचाळीस खुणा, आणि त्यात एकसुद्धा 'छान' नाही. मी तिसरीतल्या पोराला वही परत देताना, त्यानं सगळी गणितं चुकवलेली असली तरी, खाली 'अक्षर सुधारतंय' एवढं तरी लिहिते."

"हे टाइप केलेलं आहे," ताई म्हणाली. "त्यात अक्षर कुठून सुधारणार?"

"विषय बदलू नका."

"मी कुठं बदलला? अक्षरावर तूच गेलीस."

ताईचं तोंड फ्रिजमध्ये होतं. दर दुसऱ्या गुरुवारी ती घरातला हा जुना फ्रिज बंद करून वरच्या कप्प्यातला बर्फ काढायची, आणि त्या कामाला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. एकदा भावजयीनं सुरीनं खरवडायला घेतलं होतं, तेव्हापासून तर मुळीच नाही. कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं, दार अर्धवट लोटायचं आणि स्टुलावर बसून वाट बघायची. थर सुटायला आला की बर्फ आपण होऊन 'कट्' असा आवाज देतो. मग लाकडी उलथण्यानं त्याला नुसतं ढकलायचं, ठोकायचं नाही. तोवर दूध, लोणी, अर्धं लिंबू, भाज्या, भावाच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असं सगळं बिऱ्हाड टेबलावर मांडलेलं असायचं. आज त्या बिऱ्हाडाच्या मधोमध निळ्या प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं एक जाडजूड बाड होतं. भांडण त्याच्यावरून होतं. सकाळपासून चालू होतं. मध्ये भावजय शाळेत जाऊन आली, तेवढीच काय ती मधली सुट्टी.

"तीन दिवस झाले," भावजय म्हणाली. "तीन दिवस हे त्या खोलीतून जेवायला तेवढे बाहेर येतात. काल मी विचारलं, भाजी कशी झालीय, तर म्हणाले, 'ताईला विचार, चुका तिला दिसतात.' चार वर्षं पहाटे उठून लिहिलंय त्यांनी. सोमवारी पाठवायचंय. आणि आता म्हणतात, कशाला पाठवू, घरातल्याच माणसाला आवडलं नाही तर."

"मला त्यानं आवडलं का म्हणून विचारलंच नव्हतं. म्हणाला, 'तू पहिली वाच, बर्फातलं तुला कळतं.' मी बर्फातलं वाचलं."

हे मात्र अगदी खरं होतं. गेल्या रविवारी भावानं ते बाड दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरलं होतं. ताईनं पदराला हात पुसून ते घेतलं, चष्मा लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि कारखान्यात यंत्रावरचे आकडे तपासावेत तसं पहिल्या पानापासून तपासायला घेतलं. बहिणीनं वाचावं म्हणून त्यानं दिलेलं ते ऑपरेटरनं वाचलं. चाळीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलेली बाई दुसरं काय करणार?

भाची सर्दी झाली म्हणून बँकेतून रजा घेऊन घरी होती. ओट्याला टेकून, नाक पुसत पुसत ती बाडाची पानं उलटत होती.

"पान एकोणीस," तिनं वाचलं. "'कॅप्टननं उघडा तळहात बर्फावर टेकवला आणि तीन तास तो क्षितिजाकडे पाहत राहिला.' समासात आत्या लिहिते, 'हात राहणार नाही.'"

"नाहीच राहणार," ताई म्हणाली.

"पान तेहतीस. 'बर्फाच्या गुहेत त्यांनी मोठी शेकोटी पेटवली.' समासात, 'वरून पाणी गळत नाही का?' पान छप्पन्न. ते चाळीस दिवस चालतात. समासात, 'मोजे कुणी वाळवले?'" भाचीला हसू आलं, त्यातून खोकला आला. "आई, हे मात्र बरोबर आहे हं. अख्ख्या पुस्तकात कुणी काही धूत नाही, वाळवत नाही, शिजवत नाही. जग बुडालंय, पण जेवणाचे डबे मात्र भरलेलेच सापडतायत."

"तू गप्प बस," भावजय म्हणाली. "तुझे बाबा आहेत ते."

"म्हणूनच वाचतेय. दुसऱ्या कुणाचं असतं तर विसाव्या पानावर सोडलं असतं."

कादंबरीचं नाव होतं 'उणे साठ'. सूर्य मंदावलेला, समुद्र तळापर्यंत गोठलेले, शहरं बर्फाखाली गेलेली, आणि उरलेल्या मूठभर माणसांना घेऊन एक कॅप्टन कुठल्याशा उष्ण बेटाच्या शोधात निघालेला. पानोपानी बंदुका, शास्त्रज्ञ, नकाशे. 'सर्वत्र भयाण शांतता होती; बर्फ मूकपणे सारं गिळत होता,' हे वाक्य थोड्याफार फरकानं अकरा ठिकाणी होतं, आणि अकराही ठिकाणी ताईनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बर्फ मुका नसतो.'

बर्फ मुका नसतो हे तिला वडिलांनी शिकवलं होतं, शिकवतोय असं न सांगता. वडील त्याच कारखान्यात ऑपरेटर होते. शाळा सुटली की त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जायचं काम ताईचं. मागच्या गल्लीत पत्र्याची ती लांबुळकी शेड होती; तिच्यावर पाटी नव्हती, आणि पाटीची गरजही नव्हती. अमोनियाच्या वासानं आंधळ्यालाही ती सापडली असती. आत गेलं की पायांखाली फळ्याच फळ्या. त्या फळ्यांखाली हौदासारखी मोठी टाकी, टाकीत खारं पाणी, आणि त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवलेले दोनशे उभे डबे. मिठामुळे टाकीतलं पाणी उणे दहालाही गोठायचं नाही, डब्यांतलं गोडं पाणी मात्र गोठायचं. प्रत्येक डब्यावर एक फळी. उचलली की खालून वाफेसारखा गार श्वास वर यायचा. वडील जेवता जेवता मध्येच घास थांबवायचे, मान तिरपी करायचे आणि म्हणायचे, "साठ नंबर झाला बघ." साठ नंबरची फळी उचलली की खरंच झालेला असायचा.

ती अठरा वर्षांची असताना वडील गेले, छातीत कळ येऊन, टाकीवरच. मालकांनी त्यांच्या जागी एक माणूस आणला, मग दुसरा. दोघांनाही ते यंत्र वश होईना. एक दिवस ताई वडिलांची राहिलेली डबी आणि चप्पल न्यायला गेली होती. फाटकातच थबकली आणि मालकांना म्हणाली, "डावीकडची झडप नीट बसत नाहीये. आवाज बघा कसा येतोय." मालकांनी झडप उघडून बघितली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर. वडिलांचे रबरी बूट तिला दोन अंगुळं मोठे व्हायचे, म्हणून ती आत दोन-दोन मोजे घालायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरीचं पुढं कसं व्हायचं. पुढं काही झालं नाही. सकाळ झाली की बूट घालायचे, संध्याकाळ झाली की काढायचे, यात लग्नाचं वय निघून गेलं. ते गेलेलं तिला कळलंही नाही आणि खरं सांगायचं तर फारसं खुपलंही नाही.

आई लोकांकडे शिवणकामाला जायची. भाऊ तेव्हा सात वर्षांचा, ताईहून अकरा वर्षांनी लहान. त्याची शाळा सकाळची, त्यामुळे दीड वाजता तो दप्तर घेऊन थेट टाकीवर यायचा. ताई त्याला छोट्या म्हणायची, आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही छोट्याच म्हणायची. छोट्याची जागा ठरलेली होती. सतरा नंबरच्या डब्याच्या फळीवर चौघडी घातलेलं पोतं, त्यावर मांडी घालून, पाय अंगाखाली ओढून तो बसायचा.

दोन ते चार ही गाभा काढायची वेळ. डब्यातलं पाणी चारी बाजूंनी आत आत गोठत जातं आणि शेवटी मधोमध तळहाताएवढी पाण्याची विहीर उरते. पाण्यातला सगळा गाळ, सगळा खारटपणा तिथं येऊन साठलेला असतो. ते पाणी नळीनं ओढून टाकायचं आणि विहिरीत ताजं पाणी भरायचं. मग लादी काचेसारखी होते, तिच्याआड वर्तमानपत्र धरलं तर वाचता येईल अशी. गाभा काढायला उशीर झाला की लादीच्या पोटात पांढरट पडदा राहतो, मोतीबिंदूसारखा. वेळ झाली की नाही ते बाकीचे घड्याळावर ठरवायचे. ताई डब्याच्या काठावर उलथण्याचा दांडा टेकवायची आणि दुसरं टोक कानाला लावायची.

त्या दोन तासांत छोट्या गोष्ट सांगायचा.

"सगळं जग गोठलं," अशी त्याची सुरुवात असायची, आणि ताई डबा बदलता बदलता म्हणायची, "ते कळलं. पुढचं सांग."

पुढचं अपरंपार होतं. त्या जगात लोक मोठमोठ्या फळ्यांखाली राहायचे. श्रीमंत कोण, तर ज्याच्याकडे मीठ. मीठवाल्याच्या अंगणात पाणी वाहतं असायचं आणि गावातली मुलं नुसतं ते बघायला यायची. एक कुत्रा होता, त्याला चार मोजे होते, आणि ते रोज रात्री चुलीवर वाळवावे लागायचे. एके दिवशी तीनच सापडले तर कुत्रा दिवसभर लंगडत हिंडला. आणि एक कानवाली होती. कानवाली म्हणजे घरोघर जाऊन, पितळी पेला बर्फावर उपडा घालून, त्याला कान लावणारी बाई. इथून चाला, इथून नका चालू, इथं पाळणा ठेवा, इथं नका ठेवू, हे ती सांगायची. तिला विचारल्याशिवाय गावात कुणी पाऊल टाकत नसे. तिचे बूट तिला मोठे होते.

सगळ्यांत ताईला आवडायचं ते टपाल. त्या जगात पत्रं बर्फाच्या लादीत गोठवून पाठवायचे. पत्र आलं की लादी परातीत ठेवायची, आणि ती वितळेपर्यंत सगळं घर भोवती बसून राहायचं. घाई करायची नाही. फोडलं तर कागद फाटतो. आत काय असेल याचा अंदाज बांधत, जुन्या आठवणी काढत बसायचं. वाईट बातमी असेल अशी शंका आली तर लोक लादी सावलीत ठेवायचे. एका म्हातारीच्या घरात म्हणे एक लादी सहा वर्षं सावलीत होती.

"मग?" ताईनं नळी हातात धरून विचारलं होतं.

"मग काय. उद्या," नऊ वर्षांचा छोट्या म्हणाला होता. कुठं थांबायचं हे त्याला तेव्हाच कळत होतं.

तो उद्या कधी आला नाही. छोट्यानं एक दिवस वहीचं पान लिहून, गुंडाळी करून, गाभा काढलेल्या सतरा नंबरच्या डब्यात सोडलं. ताईला पत्ताच नाही. लादी गोठली, निघाली, विकली गेली. दोन दिवसांनी माशांचा एक व्यापारी, हातात बर्फाचा वीतभर ठोकळा घेऊन, फाटकात बोंबलत उभा राहिला. ठोकळ्याच्या पोटात रेघांचा कागद स्पष्ट दिसत होता. मालकांनी पोराला टाकीवर यायची बंदी केली आणि गोष्ट तिथंच राहिली. ताई हे सगळ्यांना सांगायची. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, भावजय नवी नवरी होती तेव्हा तिला, भाचीला तर शंभरदा. मालकांचा आवाज काढून सांगायची. "इथं बर्फ करतात की पोस्ट हापिस?"

कारखाना बंद होऊनही आता अकरा वर्षं झाली होती. त्या जागी मोटारी धुतात. ताई मुद्दाम त्या गल्लीनं जायची नाही, पण गेली तर वास घ्यायला थांबायची. साबणाचा यायचा.

"आत्या," भाचीनं बाड खाली ठेवलं. "एक विचारू? एकेचाळिसावी खूण पान दोनशे बारावर आहे. पुस्तक दोनशे ब्याण्णव पानांचं आहे. शेवटच्या ऐंशी पानांत बाबांनी एकही चूक केली नाही, की तू वाचलंच नाहीस?"

भावजय वळून बघायला लागली.

ताईनं पातेलं बाहेर काढलं, पाणी ओतलं, दुसरं गरम पाणी घेतलं. "नाही वाचलं," ती म्हणाली.

"म्हणजे पुरतं न वाचताच?" भावजय म्हणाली. "ताई, मी पेपर पुरता वाचल्याशिवाय नापास नाही करत कुणाला."

"नापास कुठं केलंय. कंटाळा आला."

"कंटाळा," भावजय म्हणाली, आणि तो शब्द तिनं भांड्यासारखा टेबलावर ठेवला.

तो शब्द खरा नव्हता, हे ताईला बोलतानाच कळलं. पण खरं काय ते फ्रिजसमोर स्टुलावर बसून, सर्दी झालेल्या भाचीला आणि चिडलेल्या भावजयीला सांगण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. घड्याळात दोन वाजत होते. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात आला, कुणाकडेही न बघता म्हणाला, "थेंब कुठायत? फ्रिजमध्ये नाहीत."

"फ्रिज बंद आहे," भाची म्हणाली. "टेबलावर आहेत. तुमच्या कादंबरीशेजारी."

महिन्यापूर्वी त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुपारचे थेंब रोज ताई घालायची. तीन दिवस भावजय घालत होती आणि निम्मे गालावर जात होते. ताई उठली. हात पुसले, बाटली घेतली, खुर्ची ओढली.

"बस."

तो बसला. भांडण आपल्या जागी आणि डोळा आपल्या जागी. त्यानं मान मागं टाकली, ताईनं पापणी बोटानं धरली आणि दोन थेंब नेमके घातले.

"मिट आता. पाच मिनिटं."

त्यानं डोळे मिटले. डोळे मिटलेला माणूस उठून जात नाही, हे ताईला माहीत होतं. तिनं स्टूल त्याच्या जवळ ओढलं.

"कानवाली कुठं गेली?" तिनं विचारलं.

"कोण कानवाली?" भावजय म्हणाली.

"दोनशे बारा पानं मी तिची वाट बघितली," ताई म्हणाली. "पहिल्या गावात नव्हती, म्हटलं पुढं येईल. त्या फुटलेल्या सरोवरावरून माणसं चालली, तेव्हा तर यायलाच पाहिजे होती. मग ते टपाल कचेरीचं प्रकरण आलं. म्हटलं, आता लादी निघणार. तर आत वायरलेस. तिथं मी मिटलं."

"पोरकट वाटलं असतं," भाऊ म्हणाला.

"कुणाला?"

"लोकांना. छापणाऱ्यांना. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं काय मोजे घातलेल्या कुत्र्याची गोष्ट लिहायची? मला मोठ्या माणसांची कादंबरी लिहायची होती, ताई."

"मोठी माणसं मोजे वाळवत नाहीत?"

भाचीनं तोंडावर रुमाल धरला. भाऊ हसला नाही, पण त्याच्या हनुवटीजवळ काहीतरी हललं.

"तेव्हाच पुरी करायची होतीस," ताई म्हणाली. तिचा आवाज आता सावकाश झाला होता. "मालकांनी टाकीवर बंदी केली ती केली. घरी सांगायला तर कुणाची बंदी नव्हती. मी कितीदा म्हटलं असेल मनात, हा सांगेल, हा सांगेल. तू अभ्यासाला लागलास."

"मालकांनी नाही केली," भाऊ म्हणाला.

"काय?"

"बंदी. मालक हसले होते. तो मासेवाला ओरडत होता, आणि मालक म्हणाले, पोराचं डोकं चालतं हो. त्यांनी त्याला बदली लादी देऊन घालवून दिलं. मग ते आत गेले. बंदी तू केलीस."

"मी?"

"तू तो ठोकळा माझ्या हातातून घेतलास. मी म्हणत होतो, ताई, वितळू दे, वितळू दे. तू अंगणातल्या गटारात टाकलास आणि म्हणालीस, 'बास झाली ती गोष्ट. पुन्हा माझ्यापुढं काढायची नाही.' नंतर मी फाटकाबाहेर बसायचो. तू चार वाजता यायचीस."

डोळे मिटूनच तो हे बोलला, पाढा म्हणावा तसा. त्यात राग असता तर ताईला सोपं गेलं असतं.

ती आठवायला लागली. मालकांचा आवाज. "इथं बर्फ करतात की पोस्ट हापिस?" जवळजवळ पन्नास वर्षं ती तो आवाज काढत होती, आणि आता कान लावला तर तो आवाज बाईचा होता. वीस वर्षांची, मोठे बूट घातलेली, कुणी तरी आता 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणेल या भीतीनं गार पडलेली बाई. अंगण आठवलं. गटारातलं पाणी त्या ठोकळ्याभोवती वळसा घालून जात होतं. छोट्या काठावर उकिडवा बसला होता, आणि आत यंत्राचा आवाज बदलला म्हणून ती वळून गेली होती. पुढचं तिला आठवत नव्हतं, कारण पुढं ती तिथं नव्हती.

फ्रिजच्या कप्प्यात 'कट्' झालं. भावजयीनं ताईकडे बघितलं, भाचीनं बघितलं. ताई जागची हलली नाही. थर आपला आपण सुटला आणि खालच्या ताटात जाऊन पडला.

"काय होतं त्यात?" ताईनं विचारलं. "त्या पत्रात."

"आठवत नाही."

लहानपणापासून खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्या लाल झाल्या होत्या.

"कुणाला होतं, ते तरी?"

"कानवालीला," तो म्हणाला. "तिला कधी कुणाचं पत्रच यायचं नाही ना. सगळ्यांच्या लाद्या तीच ऐकून द्यायची, झाली की नाही ते. म्हणून."

टेबलावरच्या दुधाला घाम फुटला होता. भावजयीनं उगाच त्या अर्ध्या लिंबावर वाटी उपडी घातली.

"झाली पाच मिनिटं," भाची जरा वेळानं म्हणाली.

भावानं डोळे उघडले, रुमालानं टिपले. उठला, निळं बाड उचललं, त्याचे कोपरे टेबलावर आपटून सारखे केले. "सोमवारी पाठवणार आहे मी हे," तो म्हणाला, "तुला कसं का वाटेना."

"पाठव की," ताई म्हणाली.

"चुका दुरुस्त करणार नाही."

"नको करूस."

तो खोलीत गेला. दार मात्र त्यानं नुसतं लोटलं; तीन दिवसांत पहिल्यांदा कडीचा आवाज आला नाही. ताई तो न आलेला आवाज ऐकत क्षणभर उभी राहिली. मग ताटातला बर्फ मोरीत ओतता ओतता ती थांबली आणि तिनं ताट तसंच ओट्यावर ठेवलं, वितळेल तेव्हा वितळेल म्हणून. कप्पा कोरड्या फडक्यानं पुसला. दूध, लोणी, भाज्या, वाटीखालचं लिंबू जागच्या जागी लावलं, थेंबांची बाटली दाराच्या कप्प्यात उभी केली. बटण दाबलं. फ्रिज थरथरला, गुरगुरला आणि लागला. ती मान तिरपी करून त्याचा सूर लागेपर्यंत थांबली.

भाचीच्या खोलीतून तिनं एक कोरी वही आणली, न विचारता. पेन्सिलीला नव्यानं टोक केलं. मग आतल्या खोलीतही ऐकू जाईल अशा बेतानं, पण आवाज न चढवता, तिनं सगळ्यांना सांगितलं.

"उद्यापासून जेवणं एकला उरकायची. दोन ते चार मी त्याच्या खोलीत बसणार आहे. थेंब घालीन, आणि डोळे मिटले की त्यानं कुत्र्यापासून सांगायला घ्यायचं. मी लिहून घेणार. ते निळं पाठवायचं की नाही ते त्याचं तो बघेल, माझा त्याच्याशी संबंध नाही. त्या दोन तासांत मला कुणी हाक मारायची नाही. आणि यापुढं गुरुवारी फ्रिज आमच्या शाळेच्या बाईंनी करायचा. सुरी लावायची नाही."